विरजण आणि दही : आपल्या शरीरातील दोन प्रकारच्या पेशी

पानफुटीचे रोप आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचे असेल. तिचे एक जाडसर पान तोडून ओल्या मातीवर नुसते ठेवून द्यावे. थोड्याच दिवसांत पानाच्या कडेवरील खाचांतून इवलीइवली रोपे डोकावू लागतात. ना बी, ना फांदी. एका पानातून संपूर्ण झाड! आता त्याच घरातील स्वयंपाकघरात डोकावू. भाजी चिरताना विळीवर बोट कापते. आठवड्याभरात जखम भरून येते आणि तेथे नवी त्वचा दिसू लागते. परंतु दुर्दैवाने एखाद्या यंत्रात सापडून संपूर्ण बोटच तुटले, तर ते काही केल्या पुन्हा उगवत नाही. भिंतीवरील पाल मात्र संकट येताच शेपटी टाकून पळते आणि काही आठवड्यांत नवी शेपटी मिरवू लागते.

पानातून झाड होते, पालीला शेपटी फुटते, आपली कातडी भरून येते. मग आपले बोट का उगवत नाही? हा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने विचारला तर त्याला गप्प बसवू नये. कारण याच प्रश्नामागे लागून शास्त्रज्ञांनी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जीवशास्त्रातील मोठमोठी गुपिते उलगडली आहेत. या प्रश्नाच्या उत्तराची किल्ली पेशींच्या दोन जातींत आहे. काही पेशींनी एकच काम उत्तम शिकून घेतलेले असते. त्यांना विशेषित पेशी म्हणतात. काही पेशींनी अजून कोणताच व्यवसाय पत्करलेला नसतो. त्या अविशेषित पेशी होत. या दोहोंमधील भेद समजून घेणे ही केवळ पुस्तकी हौस नव्हे. आज अनेक कुटुंबांच्या सुखदुःखाशी, आणि कष्टाने साठविलेल्या पैशाशीही, त्याचा निकटचा संबंध आहे.

एकीतून अनेक

वाचकहो, आपण प्रत्येक जण एके काळी केवळ एक पेशी होतो. मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढा तो ठिपका! एकीच्या दोन, दोहोंच्या चार, चारांच्या आठ अशा त्या पेशी वाढत गेल्या. प्रौढ माणसाच्या शरीरात आज सुमारे ३७ लाख कोटी पेशी असतात, असा अंदाज आहे. पण नुसती संख्याच वाढती, तर आपण एकसारख्या पेशींचा एक गोळा झालो असतो. तसे होत नाही. गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात पेशींचे तीन थर स्पष्ट होतात. बाहेरच्या थरातून त्वचा व मेंदू, मधल्यातून स्नायू, हाडे व रक्त, आणि आतल्यातून आतड्याचे अस्तर, यकृत व फुप्फुसे घडत जातात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास इवलेसे हृदय स्पंदू लागते. अशा रीतीने अखेरीस दोनशेहून अधिक प्रकारच्या पेशी तयार होतात.

यांतील एकेकीचे कौशल्य पाहून मन थक्क होते. रक्तातील तांबडी पेशीच घ्या. प्राणवायू वाहून नेणे एवढेच तिचे काम. पण त्यासाठी ती काय करते? आपले केंद्रकसुद्धा टाकून देते आणि रिकाम्या झालेल्या जागेसह सारे अंग हीमोग्लोबिनाने भरून घेते. एका पेशीत हीमोग्लोबिनाचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. चेतापेशीचे उदाहरण याहून निराळे. कंबरेच्या पातळीवरील मज्जारज्जूपासून पावलापर्यंत संदेश नेणाऱ्या पेशीचा तंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो. हृदयाच्या पेशी जन्मभर एका तालात आकुंचन-प्रसरण पावतात. डोळ्यातील पेशी प्रकाशाचे अत्यंत मंद किरणही टिपतात.

मात्र या नैपुण्याची किंमत मोजावी लागते. ज्या पेशीने एका कामात पारंगतता मिळविली, तिची स्वतःसारखी दुसरी निर्माण करण्याची शक्ती बहुधा क्षीण होते. केंद्रक टाकून दिलेली तांबडी पेशी विभागू शकत नाही. सुमारे १२० दिवस राबून ती संपते. मेंदूतील बहुतेक चेतापेशी आपल्याबरोबरच म्हाताऱ्या होतात. हृदयाच्या स्नायुपेशी किती प्रमाणात नव्या होतात, हे स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली एका विलक्षण युक्तीने शोधून काढले. १९५० नंतरच्या दशकात आणि १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सर्गी कार्बनाचे प्रमाण वाढले होते आणि पुढे ते ओसरत गेले. पेशीत सापडणाऱ्या या कार्बनावरून तिची जन्मतिथीच जणू वाचता येते. पंचविशीतील माणसाच्या हृदयात वर्षाला सुमारे एक टक्का स्नायुपेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते, असे त्यांना आढळले. हृदयविकाराच्या झटक्यात कोट्यवधी स्नायुपेशी मेल्या की तेथे नवे स्नायू न येता केवळ वण का राहतो, हे यावरून ध्यानात येईल.

रोजचे विरजण

मग रक्त, त्वचा आणि आतड्याचे अस्तर यांचे कसे चालते? त्यांतील पेशी तर सतत झिजत असतात. आतड्याच्या अस्तरातील पेशी अवघ्या तीन ते पाच दिवसांत गळून जातात. तांबड्या पेशी दर सेकंदास वीस लाखांहून अधिक नव्या तयार व्हाव्या लागतात.

हे कोडे आपल्या गृहिणींना चटकन उमगेल. घरात रोज दही लागते. म्हणून शहाणी गृहिणी सगळे दही कधी वाढून टाकत नाही. उद्याच्या विरजणापुरते चमचाभर वगळून ठेवते. आजचे दही संपले तरी विरजण शिल्लक असते आणि त्यातूनच उद्याचे दही लागते. शरीरही अगदी हेच करते. हाडांच्या पोकळीतील मज्जेत, त्वचेच्या तळच्या थरात, आतड्याच्या सूक्ष्म खळग्यांत त्याने थोड्या अविशेषित पेशी राखून ठेवलेल्या असतात. त्यांना मूलपेशी म्हणतात. मूलपेशी विभागली की तिच्या संततीपैकी काही पेशी मूलपेशीच राहतात, म्हणजे विरजण कायम राहते. उरलेल्या पेशी कामाला लागतात, पायरीपायरीने शिकत जातात आणि शेवटी तांबडी पेशी, पांढरी पेशी किंवा त्वचेची पेशी बनतात.

मज्जेत असे विरजण असते, हे प्रयोगाने सिद्ध करण्याचा मान कॅनडातील टोरांटो येथील जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक या दोघा संशोधकांकडे जातो. किरणोत्साराने ज्यांची मज्जा नष्ट केली होती अशा उंदरांना त्यांनी दुसऱ्या उंदरांच्या मज्जेतील पेशी टोचल्या. काही दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गाठी दिसल्या. प्रत्येक गाठीत निरनिराळ्या रक्तपेशी तयार होत होत्या. १९६१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. आणि अशी एकेक गाठ केवळ एकाच पेशीपासून वाढलेली असते, हे १९६३ मध्ये दाखवून दिले.

आता प्रारंभीचा प्रश्न पुन्हा पाहू. कातडीच्या तळाशी तिचे विरजण आहे, म्हणून जखम भरते. बोट म्हणजे हाड, स्नायू, शिरा, चेतातंतू, नख यांची ठराविक आराखड्याने केलेली रचना. ती पुन्हा उभारणारे असे एकत्र विरजण आपल्यापाशी नाही. पानफुटीच्या पानाच्या खाचांत मात्र नवे रोप घडविण्याचे सामर्थ्य शाबूत असते.

ग्रंथ एक, अध्याय निराळे

येथे एक शंका साहजिकच मनात येते. सर्व पेशी जर एकाच मूळ पेशीपासून आल्या, तर एक यकृताची आणि दुसरी डोळ्याची कशी होते? आनुवंशिक सूचनांचा ग्रंथ पेशींत वाटून दिला जातो की काय? ऑगस्ट व्हाइसमान या जर्मन शास्त्रज्ञाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तसेच वाटत होते. प्रत्येक पेशीला तिच्या कामापुरती पाने मिळतात, उरलेली तिच्यापाशी राहत नाहीत, असा त्याचा तर्क होता.

त्याची परीक्षा बेडकांनी केली. अमेरिकेत रॉबर्ट ब्रिग्ज आणि टॉमस किंग यांनी १९५२ साली बेडकाच्या अंड्यातील केंद्रक काढून त्या जागी कोवळ्या गर्भाच्या पेशीचे केंद्रक बसविले, आणि त्यातून बेडूकमासे वाढले. परंतु अधिक वाढलेल्या गर्भाचे केंद्रक घेतले की यश दुर्मिळ होई. तेव्हा व्हाइसमानचा तर्कच खरा असावा, असे अनेकांना वाटले. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गर्डन हा तरुण संशोधक मात्र चिकाटीने प्रयत्न करीत राहिला. शाळेत असताना याच मुलाला जीवशास्त्रात तळाचे गुण पडले होते आणि त्याने शास्त्रज्ञ होण्याचे स्वप्न पाहणे हास्यास्पद आहे, असा शेरा शिक्षकांनी मारला होता! गर्डनने आफ्रिकी बेडकाच्या बेडूकमाशाच्या आतड्यातील, म्हणजे पूर्ण शिकून तयार झालेल्या, पेशीचे केंद्रक घेतले. शेकडो प्रयत्नांतून मोजकेच फळास आले. पण त्या मोजक्यांतून पोहणारे बेडूकमासे आणि पुढे पूर्ण वाढीचे बेडूकही झाले. १९६२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आतड्याच्या पेशीपाशी संपूर्ण बेडकाचा ग्रंथ जसाच्या तसा होता. तिने पाने फाडलेली नव्हती. केवळ मिटून ठेवली होती.

वनस्पतींच्या बाबतीत असाच एक सुंदर शोध आपल्या देशातही लागला. दिल्ली विद्यापीठातील शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या फुलातील परागकोश पोषक द्रव्यात वाढविले. परागकण म्हणजे परागणापुरत्या विशेष कामाच्या पेशी. परंतु त्यांतून चक्क गर्भ आणि रोपे उगवली! १९६४ साली प्रसिद्ध झालेला हा शोध पुढे जगभरच्या पीकसंशोधनाच्या कामी आला.

तेव्हा विशेषीकरण म्हणजे ज्ञान गमावणे नव्हे. ग्रंथातील काही अध्याय उघडे ठेवणे आणि बाकीचे मिटणे होय. मिटलेले अध्याय उघडता येतील काय? जपानमधील क्योतो येथे शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतील पेशींवर हा प्रयोग केला. चोवीस जनुकांपासून आरंभ करून त्यांनी ती संख्या चारवर आणली. ही चार जनुके पेशीत घातली की शिकलेली पेशी आपला व्यवसाय विसरते आणि गर्भावस्थेतील पेशीसारखी बहुगुणी होते, हे २००६ मध्ये उंदरांत व २००७ मध्ये मानवी पेशींत सिद्ध झाले. २०१२ चे नोबेल पारितोषिक गर्डन आणि यामानाका यांना विभागून मिळाले. योगायोग असा की, गर्डनचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच १९६२ साली यामानाका यांचा जन्म झाला होता.

शिस्त मोडली तर

हे वाचून कोणी म्हणेल, मग सर्वच पेशींना अविशेषित करून टाकावे, म्हणजे बोटे उगवतील आणि हृदयेही नवी होतील! परंतु सावध असावे. यामानाका यांच्या चार जनुकांपैकी एक कर्करोगाशी संबंधित म्हणून आधीच प्रसिद्ध होते, हे विसरून चालणार नाही. वाढण्याची शक्ती आणि शिकण्याची शिस्त यांचा तोल सुटला की कर्करोग उद्भवतो. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी अर्धवट शिकून थांबतात आणि नुसत्या वाढतच जातात. शांघायमधील डॉक्टरांनी १९८० नंतरच्या दशकात अशा रोग्यांना अ जीवनसत्त्वापासून बनविलेले एक औषध दिले. त्याने त्या पेशींना मारले नाही. त्यांचे अडलेले शिक्षण पुरे केले! शिकून तयार झालेल्या पेशी पुढे आपोआप आयुष्य संपवून गेल्या. याच औषधाला सोमलाच्या एका संयुगाची जोड मिळाल्यावर, एके काळी अत्यंत घातक असलेल्या या रोगातून आज बहुसंख्य रोगी बरे होतात.

आपल्या घराशी असलेला संबंध

मूलपेशींचा उपयोग करणारे काही उपचार आपल्या देशात सुस्थापित आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात १९८६ साली मज्जारोपणाला आरंभ झाला. रोग्याची बिघडलेली मज्जा औषधांनी नष्ट करावयाची आणि जुळणाऱ्या दात्याच्या मूलपेशी शिरेतून सोडावयाच्या. त्या आपण होऊन हाडांत जाऊन मुक्काम करतात. विरजण बदलले की दही बदलते, तसा हा प्रकार आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली. पानाचा चुना किंवा एखादे दाहक द्रव्य डोळ्यात गेल्याने बुबुळाच्या कडेवरील मूलपेशी नष्ट होतात आणि दृष्टी जाते. अशा वेळी रोग्याच्या दुसऱ्या, निरोगी डोळ्याच्या कडेचा इवलासा तुकडा घेऊन त्याचे बारीक कण दुखावलेल्या डोळ्यावर पसरतात. चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागू न देणे हे मात्र या सर्वांहून सोपे!

आता थॅलसीमिया या रोगाविषयी थोडेसे. आपल्या देशात दरवर्षी सुमारे दहा हजार मुले हा विकार घेऊन जन्मास येतात. हीमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकात दोष असल्यामुळे त्यांच्या तांबड्या पेशी नीट घडत नाहीत आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्यांना रक्त द्यावे लागते. जुळणाऱ्या दात्याकडून मज्जारोपण झाल्यास मूल बरे होऊ शकते. परंतु सख्खे भावंड जुळण्याचा संभव चारात एक इतकाच असतो. म्हणून आपल्यापैकी सशक्त तरुणांनी दात्यांच्या नोंदवहीत नाव घालावे. नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुना पुरतो. पुढे जुळणी झाली तर बहुधा रक्तदानासारख्याच पद्धतीने मूलपेशी घेतात. आणि दात्याचे विरजण काही आठवड्यांत पूर्ववत होते.

याहून महत्त्वाचा मार्ग प्रतिबंधाचा. सदोष जनुकाचा एकच वारसा मिळालेला माणूस निरोगी दिसतो. त्याला वाहक म्हणतात. आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणी रोगी मूल होण्याचा संभव चारात एक असतो. साध्या रक्ततपासणीने हे आधी कळते. विवाह ठरविताना पत्रिका पाहणाऱ्या मंडळींनी रक्ताचा हा एक कागदही पाहावा. निदान गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत तरी तपासणी चुकवू नये.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी. पहिली नाळेच्या रक्ताची. बाळाच्या जन्माच्या वेळी नाळेतील रक्त मोठे शुल्क घेऊन साठवून ठेवावे, म्हणजे पुढे बाळाचे सर्व रोग बरे होतील, असे आश्वासन पुष्कळ आईबापांना दिले जाते. वर पाहिलेले तत्त्व येथे लावून पाहा. शरीरातील पेशींचा ग्रंथ एकच असतो. थॅलसीमिया असलेल्या बाळाच्या नाळेतील पेशींतही तोच सदोष अध्याय असतो. बाळाचे स्वतःचे विरजण जसेच्या तसे परत दिले, तर दही पुन्हा तसेच लागणार. केवळ स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळेचे रक्त साठविण्यास शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. घरात आधीच एखाद्या मुलाला मज्जारोपणाची गरज असेल आणि नव्या बाळाचे रक्त त्यास उपयोगी पडण्याजोगे असेल, तर गोष्ट निराळी. तेथे तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

दुसरी गोष्ट याहून हृदयद्रावक आहे. मेंदूच्या विकाराने पंगू झालेली मुले, स्वमग्न मुले, पाठीच्या कण्याला इजा झालेले तरुण यांच्या नातलगांना मूलपेशींची सुई देऊन बरे करण्याची ग्वाही देणारे आहेत. आईबापांचे मन आशेला भुलते. दागिने मोडले जातात, शेत गहाण पडते. परंतु मूलपेशी टोचली म्हणजे ती आपोआप योग्य जागी जाऊन योग्य व्यवसाय शिकेलच, असे नाही. तिला शिकविणारी परिस्थितीही हवी. स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली सांगितले आहे. सिद्ध न झालेला उपचार केवळ मान्यताप्राप्त प्रयोगाचा भाग म्हणून देता येतो, आणि अशा प्रयोगासाठी रोग्याकडून पैसे घ्यावयाचे नसतात. म्हणून कोणी असा उपचार सुचविला तर दोन प्रश्न अवश्य विचारावेत : हा मान्यताप्राप्त प्रयोग आहे काय, आणि असल्यास माझ्याकडून पैसे का घेता? उत्तर टाळले जात असेल तर तेथून परत फिरावे.

याचा अर्थ आशा सोडावी असा नव्हे. २०१४ साली जपानमध्ये एका वृद्ध रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिच्याच त्वचेपासून घडविलेल्या पेशींचा पापुद्रा बसविण्यात आला. तेव्हापासून असे प्रयत्न टप्प्याटप्प्याने, सावधपणे चालले आहेत. खऱ्या शास्त्राची चाल अशीच असते. शेकडो अपयशांतून मोजके यश वेचणाऱ्या गर्डनसारखी.

वाचकहो, उद्या सकाळी विरजणाची वाटी बाजूला ठेवताना क्षणभर थांबा. त्याच क्षणी आपल्या हाडांतही तीच दूरदृष्टी मुकाट्याने काम करीत असेल : आजची गरज भागवीत, पण उद्याचे बीज राखून. आणि पानफुटीचे एक पान मुलांसमवेत कुंडीत ठेवून पाहा. त्याला रोप फुटेल तेव्हा, आपले बोट तसे का उगवत नाही, हे मुले विचारतीलच. आता आपणांस उत्तर देता येईल.